काल्पनिक जग उभं करायचंय? मिठाच्या गोणीपासून सुरू करा

काही वर्षांपूर्वी मी एक फँटसी कथा लिहिली होती. त्यात जादू करायला मीठ लागायचं, म्हणजे मंत्र म्हणणाऱ्याच्या अंगातलंच मीठ खर्ची पडायचं आणि ते भरून काढायला त्याला सतत मीठ खावं लागायचं. कल्पना मला प्रचंड आवडलेली. कथा मावशीला वाचायला दिली. मावशी उरणची, तिच्या सासरी पूर्वी मिठागर होतं. तिनं दोन दिवसात वाचून काढली आणि फोनवर एकच प्रश्न विचारला, "सगळं ठीक आहे रे, पण पावसाळ्यात हे मीठ ठेवतात कुठं?"

माझ्याकडे सात राजघराण्यांची वंशावळ तयार होती, दोन हजार वर्षांच्या लढायांची यादी होती, चार भाषांची लिपीसुद्धा काढलेली, आणि पावसाळ्यात मीठ कुठं ठेवतात हे मला माहीत नव्हतं. ज्या गोष्टीवर अख्खं जग उभं आहे तीच गोष्ट मी नीट बघितली नव्हती.

तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेलीये. एक बदल घ्यायचा आणि तो चुलीपर्यंत पोचेस्तोवर त्याच्या मागे मागे जायचं. नवीन लिहिणाऱ्यांसाठी ती पद्धत इथे पायरी पायरीने सांगतोय, आणि उदाहरण म्हणून तेच मिठाचं जग घेतोय, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

पायरी १: थाप एकच मारा, पण मोठी मारा

तुमचं जग आपल्या जगापेक्षा नेमकं कशात वेगळं आहे ते एका वाक्यात लिहा. "जादूला मीठ लागतं." "माणसं मंगळावर राहतात आणि परत येऊ शकत नाहीत." "या गावात मेलेली माणसं तेराव्याला जेवायला येतात." बस. वाचक एक मोठी थाप आनंदानं पचवतो, त्याच्यासाठीच तर तो पुस्तक उघडतो, पण ड्रॅगन पण आहेत, टाइम ट्रॅव्हल पण आहे, झाडं बोलतात आणि नायकाला मनातलं ऐकू येतं असं सगळं एकदम आलं की त्याचा हात सुटतो, कारण मग काहीही होऊ शकतं आणि काहीही होऊ शकत असेल तर कशाचीच भीती वाटत नाही.

बाकी सगळं आपल्यासारखंच ठेवा. भूक लागते, बांधावरनं भांडणं होतात, पोरं ऐकत नाहीत, म्हातारी माणसं थंडीत कुरकुरतात.

पायरी २: त्याची किंमत ठरवा, आणि ती अंगावर दिसू द्या

जादू असो की यंत्र, ते फुकट चालत असेल तर कथा पुढे सरकतच नाही. किंमत ठरवताना खऱ्या शरीरशास्त्राचा, खऱ्या निसर्गाचा आधार घ्या, फार मदत होते. मी मिठाबद्दल वाचायला बसलो तर कळलं की अंगातलं मीठ फार कमी झालं की पायात पेटके येतात, मळमळतं, डोकं दुखतं, माणूस गोंधळतो, काय बोलतोय त्याचं भान राहत नाही, आणि अगदीच कमी झालं तर फिट येऊन जीवही जातो. हे मला कल्पनेनं सुचलं नसतं. एका झटक्यात माझा जादूगार जिवंत झाला, मोठं काम करून आला की तो पोटऱ्या चोळत बसतो आणि बायकोला आईच्या नावानं हाक मारतो.

मग मर्यादा. जादूनं काय होत नाही ते आधी लिहून ठेवा. माझ्या जगात जादूनं मीठ बनवता येत नाही, हा एकच नियम सगळं तोलून धरतो, तो काढला तर अख्खी अर्थव्यवस्था कोसळते. आणि एकदा ठरवलेला नियम शेवटच्या प्रकरणात नायक अडचणीत सापडलाय म्हणून मोडायचा नाही. वाचकानं तीनशे पानं तो नियम सांभाळलेला असतो, त्याचा विश्वासघात होतो तो.

पायरी ३: नकाशा काढताना आधी पाऊस पाडा

नवीन माणूस नकाशा काढायला बसला की आधी राजधानी काढतो, मग किल्ले, मग उरलेल्या जागेत डोंगर आणि नद्या भरतो. उलटं करा. आधी समुद्र, मग डोंगर, मग वारा कुठून येतो ते, मग पाऊस, मग नद्या, आणि माणसं सगळ्यात शेवटी, कारण माणसं पाण्याच्या मागे जातात.

आपल्याला यासाठी कुठं लांब बघायची गरजच नाही, सह्याद्री आहे. पावसाळी वारे पश्चिमेकडून येतात, डोंगराला अडतात आणि तिथंच रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पूर्वेला तीसेक किलोमीटरवरच्या वाईत त्याच्या पाव हिस्साही पडत नाही. एवढ्याशा अंतरात पीक बदलतं, घराच्या छपराचा उतार बदलतो, जेवण बदलतं. तुमच्या नकाशात डोंगर असेल आणि दोन्ही बाजूंना सारखंच हिरवंगार असेल तर भूगोलाची आवड असलेला वाचक तिथंच थांबतो.

नद्यांचं तर खासच बघा. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तिथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत जेमतेम पासष्ट किलोमीटर, पण ती जाते पूर्वेला, चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते, कारण जमिनीचा उतार तिकडे आहे. नदीला उतार कळतो, अंतर कळत नाही. नद्या एकमेकींना मिळत मिळत मोठ्या होतात, वाटेत फुटून सहसा दोन दिशांना जात नाहीत, फुटतात त्या समुद्राजवळ त्रिभुज प्रदेशात. फँटसी नकाशांमध्ये सर्वात जास्त दिसणारी चूक हीच आहे, एकच नदी दोन समुद्रांना जोडलेली.

आता वाट. डोंगर असला की तो कुठून ओलांडता येतो हा प्रश्न येतो आणि जिथून ओलांडता येतो तिथं इतिहास साठत जातो. नाणेघाट बघितलाय का? नसेल तर एकदा नक्की जा, जग कसं घडतं ते शिकायला याच्यापेक्षा चांगली शाळा नाही. सोपारा-कल्याणच्या बंदरात उतरलेला माल वर जुन्नर-पैठणकडे न्यायचा तर ही एक खिंड सोयीची, म्हणून दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात इथं वाट झाली. वाट झाली म्हणून जकात आली, घाटमाथ्यावर तो भलामोठा दगडी रांजण आहे ना, त्यात जकातीची नाणी टाकायचे असं सांगतात. पैसा आला म्हणून सातवाहनांच्या राणी नागनिकेनं तिथल्या गुहेत आपल्या घराण्यानं केलेल्या यज्ञांची आणि दानांची यादी कोरून ठेवली, येणारा जाणारा व्यापारी ती बघणारच. व्यापारी आले म्हणून जुन्नरच्या आसपास डोंगरात लेणी कोरली गेली, त्यातल्या कित्येक दानलेखांत साध्या व्यापाऱ्या-कारागिरांची नावं आहेत. आणि या सगळ्यावर लक्ष ठेवायला जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी असे किल्ले.

एक खिंड, आणि तिच्यामागून जकात, राणी, लेणी, किल्ले. तुमच्या नकाशावर अशी एकच खिंड नीट काढा आणि तिच्यामागे काय काय येतं ते लिहीत जा, राजधानी कुठं हवी ते आपोआप कळेल.

माझ्या जगात मीठ समुद्रकाठी तयार होतं आणि जादूगारांची मठं घाटावर आहेत, म्हणजे सगळं मीठ एका घाटानं वर चढतं. घाट ज्याच्या ताब्यात, जादू त्याच्या ताब्यात. हे मी ठरवलं नाही, नकाशानंच ठरवलं.

अंतराचं एक छोटंसं. पायी चालणारा सवयीचा माणूस दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर जातो, ओझं लादलेल्या बैलांचा तांडा साधारण पंधरा. हे दोन आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा. नाहीतर नायक सकाळी समुद्रावर आणि संध्याकाळी राजधानीत असं होतं, आणि त्याच्या मागावरचं सैन्य पण त्याच संध्याकाळी तिथं.

पायरी ४: कोण काय खातं, आणि किल्ली कुणाच्या कमरेला आहे

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथे घाई करू नका.

आधी साधी गणितं करा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. म्हणजे पन्नास किलोची एक गोणी भरायला चौदाशे लिटरच्या वर पाणी उन्हात आटवावं लागतं. उधाणाच्या भरतीला पाणी बांधाच्या आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत दाट करत न्यायचं, उन्हात अनवाणी उभं राहून मीठ ओढायचं, आणि हे सगळं पावसाळा सोडून, कारण पहिल्याच सरीला वाफ्यातलं मीठ विरघळून जातं. मावशीचा प्रश्न इथून आलेला. तिच्या लहानपणी मिठाच्या राशी गवतानं शाकारून ठेवायचे, घर शाकारतात तशा.

आता माझ्या जगात हे घाला. जादूगार गोण्याच्या गोण्या मीठ संपवतायत. मग लोक काय खातात? लोणची ही श्रीमंतांची चैन होते. बोंबील मात्र नुसत्या उन्हात वाळतात, त्यांना मीठ लागत नाही, म्हणजे गरिबाच्या घरात सुके बोंबील आणि अळणी पेज. गुरांनाही मीठ लागतं, मग दुधाचं काय? पावसाळ्याच्या चार महिन्यांत नवीन मीठ नाही म्हणजे जादू महाग, म्हणजे शत्रूनं हल्ला श्रावणात करायचा. हे सुचलं तेव्हा मी वही सोडून घरभर फेऱ्या मारत होतो, कारण मला कथेचं तिसरं प्रकरण मिळालं होतं.

मिठासाठी कोण राज्य चालवतं असं वाटत असेल तर आपलाच इतिहास बघा. शिवाजी महाराजांचं १६७१ चं एक पत्र आहे, कुडाळच्या सुभ्यावरच्या अधिकाऱ्याला लिहिलेलं. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातून स्वस्त मीठ येतंय, त्यानं आपल्या मुलखातल्या मिठाचा धंदा बसेल, म्हणून त्या मिठावर जबर जकात बसवा असा त्याचा आशय. एवढ्या धामधुमीत मिठाच्या भावावर पत्र लिहिणारा राजा! तुमच्या कादंबरीतल्या राजाला असं एक तरी पत्र लिहू द्या, तो लगेच खरा वाटायला लागेल. आणि पुढे १९३० ला शिरोड्याला आणि वडाळ्याला लोकांनी मूठभर मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. रोज ताटात लागणारी वस्तू सरकारनं अडवली की काय होतं ते तिथं दिसतं, तुमच्या जगातल्या बंडाचं कारणही असंच ताटातलं असू दे, भविष्यवाणीपेक्षा ते कितीतरी जास्त पटतं.

मग कोण वाहतं? आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरायचे. माझ्या जगातही असे तांडेवाले आहेत आणि त्यांना सगळ्या राज्यांत अभय आहे, कारण त्यांना लुटलं तर पुढच्या वर्षी कुणीच मीठ घेऊन येणार नाही. त्यांच्यात लग्नं कशी होतात, ते कुणाला आपलं मानतात, पावसाळ्यात मुक्काम कुठं करतात, यावर मी महिनाभर विचार केला आणि कादंबरीची नायिका तिथूनच आली.

पैसा म्हणजे सोन्याची नाणी हे डोक्यातून काढून टाका. आपल्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार यांना वर्षभराच्या कामाबद्दल सुगीला धान्य मिळायचं, त्याला बलुतं म्हणत. त्या व्यवस्थेत कुणाला खळ्यावर मानानं बोलवायचे आणि कुणाला लांब उभं करायचे, कुणाला विहिरीवर येऊ द्यायचे नाहीत, हे पण त्याच व्यवस्थेचा भाग होतं. तुमच्या जगातही हा प्रश्न टाळू नका. मीठ ओढणाऱ्याच्या पायाला मिठानं भेगा पडतात, त्याच्या पोराला जादू शिकायला मिळते का? मिळत नसेल तर कोण अडवतं आणि काय कारण सांगतं? या प्रश्नाचं उत्तर टाळलेलं जग मला नेहमी रिकामं वाटतं, कितीही सुंदर वर्णन असलं तरी.

पायरी ५: दिवस, महिने, सण

फँटसीवाल्यांनी एवढंच बघावं की आकाशात दोन चंद्र टाकायचा मोह झाला तर भरती-ओहोटी बदलते. एका चंद्रावर आपलं गणित सोपं आहे, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरती. दोन चंद्र झाले की कोळ्यांचं, मिठागरवाल्यांचं सगळं वेळापत्रक विस्कटणार. मी माझ्या जगातला दुसरा चंद्र याच कारणानं काढून टाकला.

सायन्स फिक्शनवाल्यांसाठी मात्र ही पायरी म्हणजे खजिना आहे, मंगळच घ्या. तिथला दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, वर्ष आपल्या ६८७ दिवसांचं, आणि वजन पृथ्वीवरच्या साधारण ३८ टक्केच. पृथ्वीवर मेसेज पोचायला ग्रहांच्या जागेप्रमाणे तीन ते बावीस मिनिटं लागतात, जायला तेवढी आणि उत्तर यायला परत तेवढीच. हे आकडे नुसते पहिल्या पानावर छापून उपयोग नाही, ते घरात आणा. साताऱ्याहून गेलेला मुलगा आईशी फोनवर बोलू शकणार नाही, कधीच नाही. म्हणजे पत्रं परत येणार. आई सगळं एका दमात सांगणार, मध्ये त्याचं हं हं नाही, आणि भांडण झालं तर "तू असं म्हणालास" याचं उत्तर यायला पाऊण तास, तेवढ्या वेळात तिचा राग गेलेला असणार किंवा दुप्पट झालेला असणार. ही एक गोष्ट घेऊन अख्खी कथा होते.

किंवा वरण घ्या. समजा वसाहतीतला हवेचा दाब पृथ्वीच्या एक तृतीयांश ठेवलाय आणि ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलंय, १९७३ ला अमेरिकेच्या स्कायलॅब या अवकाशस्थानकात असंच केलेलं. एवढ्या कमी दाबाला पाणी साधारण ७२ अंशांनाच उकळतं, म्हणजे पातेल्यात डाळ कितीही वेळ ठेवली तरी शिजणार नाही. कुकर ही तिथं चैन राहत नाही, जगायची वस्तू होते, आणि कुकरची रिंग खराब झाली तर सहा महिने सुटे भाग नाहीत. रॉकेटच्या इंजिनाचं पानभर वर्णन वाचून जे होत नाही ते या रिंगेनं होतं.

आणि गणपती कधी बसवायचे? चतुर्थी आपल्या चंद्रावरून ठरते. मंगळाला फोबोस आणि डिमॉस असे दोन बारके चंद्र आहेत, त्यातला फोबोस पावणेआठ तासांत एक फेरी मारतो, त्यामुळे तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो, दिवसातून दोनदोनदा. त्याच्यावरून तिथी काढायची म्हटली तर दिवसाला तीन चतुर्थ्या येतील. मग वसाहतीत दोन गट पडणार, पृथ्वीचं पंचांग पाळणारे आणि तिथं जन्मलेली पोरं जी म्हणतात आम्ही तो चंद्र कधी बघितलाच नाही. बघा, संघर्ष मिळाला, आणि कुणी दुष्ट पण नाहीये.

पायरी ६: नावं आणि बोलणं

मराठीत लिहीत असाल तर एल्डोरिन, थॅलाडोर असली नावं का? आपल्या गावांच्या नावांत काय काय दडलंय बघा. खारघर, खारपाडा, खारेपाटण यातला खार म्हणजे खारट जमीन, नावावरून जमीन कळते. बुद्रुक आणि खुर्द हे शब्द फारसीतून आलेत, थोरलं आणि धाकटं, म्हणजे कधीतरी इथला कारभार फारसीतून चालत होता हे नुसत्या एसटीच्या पाटीवरून कळतं. तुमच्या जगातही असं करा. जुन्या लोकांनी ठेवलेली नावं एका धाटणीची, नंतर आलेल्या राज्यकर्त्यांनी मागे चिकटवलेलं शेपूट वेगळ्या धाटणीचं. वाचकाला समजावून सांगायचं नाही, त्याला आपोआप जाणवतं की इथं आधी दुसरं कुणीतरी होतं. नाव ठेवलं की मोठ्यानं हाक मारून बघा, रात्रीच्या जेवणाला पोराला बोलवतात तशी. जीभ अडखळली तर नाव बदला.

म्हणी तर सोन्याची खाण. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार" ही म्हण विहिरी असलेल्या लोकांचीच असू शकते. "नमनाला घडाभर तेल" म्हणतो तेव्हा आपण नकळत अशा काळाबद्दल बोलतोय जेव्हा खेळ तेलाच्या उजेडात चालायचे आणि नमन लांबलं की तेल जळायचं. म्हणून पात्रांच्या तोंडी आपली म्हण जशीच्या तशी घालण्याआधी विचारा की ती त्या जगात जन्माला आली असती का. माझ्या जगात "खाल्ल्या मिठाला जागणे" ही म्हण राहिलीच नाही, तो कायदा झाला. नोकरीला ठेवताना मालक चिमूटभर मीठ तळहातावर देतो, ते जिभेवर ठेवलं की करार पक्का, आणि मोडला तर गावात त्याला कुणी मिठाचं जेवायला घालत नाही. "अळणी" ही तिथली सगळ्यात वाईट शिवी.

पायरी ७: देव आणि भुतं

चकवा, गिऱ्हा, मुंजा, जखीण, आसरा, देवचार, राखणदार, एवढं सगळं घरात असताना एल्फ आणि ऑर्क कशाला आणायचे हे मला खरंच कळत नाही. पण नावं उचलून भागत नाही, त्यांच्याशी माणसं वागतात कशी ते बघा. सिंधुदुर्गात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे, तिथं नवसाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. देव किती शक्तिमान, त्याला हात किती, याच्या वर्णनाची गरजच उरली नाही. चपला झिजतात म्हटल्यावर तो चालतोय हे पटलं, आणि चपला कुणीतरी शिवतो म्हणजे त्या चांभाराला देवाच्या पायाचं माप माहीत आहे हेही आलं. तुमच्या देवाची कुठली वस्तू झिजते ते शोधा.

पायरी ८: एवढं सगळं केलंत, आता त्यातलं बरंचसं सांगू नका

इथे भले भले चुकतात, कारण इतकी मेहनत केलेली असते की सगळं दाखवावंसं वाटतं. मी पहिल्यांदा असं लिहिलं होतं: "या राज्यात मीठ अत्यंत मौल्यवान होते, कारण जादूगारांना त्याची गरज असे. त्यामुळे सामान्य लोक जादूगारांचा तिरस्कार करत." माहिती बरोबर आहे आणि काहीच घडत नाहीये. नंतर ते असं झालं:

"आजीनं पेजेत बोट बुडवून चाटलं आणि फडताळाची किल्ली पुन्हा कमरेला खोचली. 'पाहुणा जाईस्तोवर अळणीच खा,' ती पोरांना म्हणाली. पाहुण्याच्या नखांभोवती पांढरा खार धरलेला तिनं ओट्यावरनंच बघितला होता."

तीन वाक्यं. मीठ कुलपात असतं, जादूगार ओळखू येतो, आजीला तो नकोय पण अतिथीला हाकलता येत नाही, सगळं आलं. प्रत्येक माहितीसाठी हाच प्रश्न, हे कुणाच्या हातातून दाखवता येईल? दाखवता येत नसेल आणि त्याच्यामुळे कुणाचं काही अडतही नसेल तर ती वहीत राहू दे. वहीतलं वाया जात नाही, तुम्हाला माहीत असलं की वाक्यात खात्री येते.

पायरी ९: वही

एक वही किंवा गुगल शीट ठेवा. नियम, अंतरं, नावं, कोण कुठल्या साली किती वर्षांचा, एवढं पुरे. काही बदललं की त्याच दिवशी लिहा. आणि जग पूर्ण झाल्यावर कथा सुरू करू असं ठरवू नका, ते पूर्ण होतच नाही. एक गाव, एक घाट, एक घर एवढं जमलं की पहिलं प्रकरण लिहायला घ्या, उरलेलं लिहिता लिहिता सापडतं.

पायरी १०: फँटसी न वाचणाऱ्या माणसाला वाचायला द्या

फँटसी वाचणारे मित्र जादू कशी चालते ते विचारतात. शेतकरी, नर्स, ट्रक ड्रायव्हर, मिठागरवाल्यांची सून, ही माणसं खरे प्रश्न विचारतात. त्यांना फक्त एवढंच सांगा, जिथं तुम्हाला "असं कसं होईल" वाटलं तिथं पेनानं खूण करा. आवडलं का ते विचारू नका. खुणा परत आल्या की त्यांच्याशी वाद घालू नका, प्रत्येक खुणेला उत्तर शोधा.

मावशीच्या प्रश्नाला मी दोन महिने उत्तर शोधलं. शेवटी मीठ घाटाच्या अर्ध्यात कोरलेल्या गुहांमध्ये नेऊन ठेवलं, पावसाआधी तांड्यांनी सगळा माल तिथं चढवायचा आणि दार लिंपून बंद करायचं ते दसऱ्याला उघडायचं. गुहा आली म्हणून राखण करणारं एक घर आलं, चार महिने पावसात एकटं राहणारं, आणि त्या घरातली मुलगी, जिला मिठाच्या ढिगाचा आवाज ऐकून तो ओला झालाय का कोरडा ते कळतं. नवीन मसुदा गेल्या आठवड्यात मावशीला पाठवला. काल फोन आला. ती म्हणाली, मुलगी छान आहे, पण पावसाळी हवेत गुहेतल्या मिठाला पाणी सुटतं, ते पाणी जातं कुठं? आमच्याकडे बरणीत तांदळाचे दाणे टाकतात, पण डोंगराएवढ्या मिठाला किती तांदूळ टाकशील?

आज सकाळपासून मी गुहेच्या जमिनीला उतार काढतोय, खाली एक कुंड ठेवलंय. त्या कुंडातलं खारं पाणी चोरून नेणारं कुणीतरी असणार, ते कोण आहे ते अजून कळायचंय.